सममितीची भूमिती आणि सोलापुरी चादर

आकृती सरकवली, फिरवली किंवा आरशात धरली आणि तरीही ती होती तशीच दिसली, तर तिच्या या गुणाला सममिती म्हणतात. युक्लिडने (इ.स.पू. सु. 300) भूमितीला गृहीतके आणि सिद्धता यांची शिस्त लावली. एकोणिसाव्या शतकात मात्र भूमितीचा मूळ प्रश्नच बदलला: आकृती हलवल्यावर तिच्यातले काय टिकते? सोलापूरकराला हे समजून घ्यायला फळ्याचीही गरज नाही, घरातली चादर पुरते.

या बदलाचे बीज फ्रेंच गणिती गॅल्वा (1811–1832) याच्या ‘गट’ या कल्पनेत आहे. गट म्हणजे अशा क्रियांचा संच, की त्या एकामागून एक केल्या किंवा उलट्या केल्या तरी संचाबाहेर जात नाहीत. ती त्याला समीकरणे सोडवताना सुचली होती. फेलिक्स क्लाइन याने 1872 साली जर्मनीतील एर्लांगेन येथे, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ती भूमितीला लावली. ज्या हालचालींचा गट आपण मान्य करू, त्यांनी न बदलणारे गुणधर्म अभ्यासणे म्हणजे भूमिती, असे त्याने मांडले. युक्लिडची भूमिती मग अनेक भूमितींपैकी एक ठरली.

रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव याने 1891 मध्ये सिद्ध केले की सपाट पृष्ठावर दोन दिशांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या सममितीचे प्रकार फक्त 17 आहेत. 1924 मध्ये गणिती पोल्या हा स्वतंत्रपणे याच आकड्यावर पोचला आणि त्याने प्रत्येक प्रकाराची आकृती काढून दाखवली. फुले, वेली, मोर कितीही बदला, अठरावा प्रकार निघत नाही. अशा नक्षीत अर्धा, तृतीयांश, चतुर्थांश आणि षष्ठांश फेराच बसतो. पाच पाकळ्यांचे फूल खुशाल विणता येते, पण चादरभरची नक्षी पंचमांश फिरवून स्वतःवर बसवता येत नाही.

मागावर आणखी एक अट येते. ताणा उभा, बाणा आडवा. जॅकार्डसाठी (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी) नक्षी चौकटीच्या कागदावर घरे भरून काढतात. घरे चौरस धरली तर तृतीयांश आणि षष्ठांश फेऱ्याचे 5 प्रकार तंतोतंत उतरत नाहीत. हे प्रकार समभुज त्रिकोणांच्या जाळीवर बसतात; समभुज त्रिकोणाच्या उंचीत 3 चे वर्गमूळ येते आणि ती अपरिमेय संख्या घरे मोजून कधीच गाठता येत नाही. उरतात 12. चादरीवरचा षट्कोन म्हणूनच नेहमी जवळजवळच षट्कोन असतो.

हा विषय कापडाच्या सर्वांत जवळ नेला तो एच. जे. वुड्स याने. तो इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या वस्त्रविभागात होता. रंगांची अदलाबदल करणाऱ्या दुरंगी नक्ष्यांचे 46 प्रकार त्याने 1935–36 मध्ये वस्त्रविषयक नियतकालिकात मांडले. गणिताच्या इतिहासात त्याचे नाव फार कमी येते, हे खटकते.

भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीत रंगांची ही अदलाबदल हाताला लागते. दुहेरी विणीची चादर उलटली की तीच नक्षी दिसते, फक्त जमिनीचा रंग फुलाला आणि फुलाचा जमिनीला. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी हे काम हातमागावरून यंत्रमागावर आणले.

चादरीच्या काठाचा हिशेब वेगळा. तिथे नक्षी एकाच दिशेने पुढे सरकते, म्हणून सममितीचे प्रकार 7 च होतात. त्यांना अर्धा फेरा आणि आरसा एवढेच लागते, त्यामुळे ते सातही मागावर नेमके उतरतात.