अल्डर्ली एज: रेल्वेच्या पासावर वसलेलं श्रीमंत गाव

मँचेस्टरच्या दक्षिणेला साधारण 24 किलोमीटरवर, चेशर परगण्यात, अल्डर्ली एज हे गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. विल्म्सलो, प्रेस्टबरी आणि हे गाव मिळून जो पट्टा होतो त्याला तिकडे 'सोनेरी त्रिकोण' म्हणतात. उत्तर इंग्लंडमधली सर्वांत महागडी घरं याच भागात आहेत. इतक्या लहानशा गावात एवढा पैसा आला कुठून? त्यासाठी रेल्वेच्या एका पासापर्यंत मागे जावं लागतं.

1842 मध्ये मँचेस्टर अँड बर्मिंगहॅम रेल्वेने इथे स्टेशन उघडलं. रूळ पडले, पण भाड्याचे पैसे देणारे प्रवासी हवे होते. मग कंपनीने योजना काढली: स्टेशनपासून मैलभराच्या आत ठरावीक किमतीपेक्षा महाग घर बांधा आणि मँचेस्टरचा पहिल्या वर्गाचा पास फुकट घ्या. तेव्हाचं मँचेस्टर म्हणजे गिरण्यांची धुराडी, काजळी आणि पटकीच्या साथी. कापडाचे व्यापारी आणि गिरणीमालक टेकडीच्या उतारावर बंगले बांधू लागले. गावाचं मूळ नाव चोर्ली. पण लँकेशरमध्ये दुसरं चोर्ली असल्याने स्टेशनला अल्डर्लीचं नाव मिळालं आणि 1894 मध्ये गावानेही अल्डर्ली एज हे नाव घेतलं.

लोकसंख्येची घडणही या पासानेच ठरवली. वर बंगल्यांत मालक. खाली लहान घरांच्या रांगांत माळी, गाडीवान, दुकानदार, धोबिणी. सकाळच्या गाड्यांनी पुरुष शहरात गेले, की दिवसभर गावात उरायच्या घरच्या बायका आणि नोकरमाणसं.

या पैशाचा एक धागा आपल्याकडेही येतो. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी मुंबई बंदराकडे धाव घेतली. खानदेश-वऱ्हाडचा कापूस लँकेशरच्या चात्यांवर चढला आणि तिथलं कापड परत आपल्याच बाजारात विकायला आलं. अल्डर्ली एजच्या बंगल्यांचा इतिहास सांगताना काळ्या मातीतला तो शेतकरी वगळला, तर हिशेब अपुरा राहतो असं मला मनापासून वाटतं.

खुद्द गावच्या जमिनीतून संपत्ती निघाली ती फार पूर्वी. टेकडीच्या पोटात तांब्याच्या खाणी आहेत. 1875 मध्ये तिथे ओकच्या लाकडाचं एक फावडं सापडलं. पुढे ते विस्मरणात गेलं, कित्येक वर्षं गावच्या शाळेत टांगलेलं होतं. एका विद्यार्थ्याने ते जपलं, आणि तपासणीत ते साडेतीन हजार वर्षांहून जुनं, कांस्ययुगातलं निघालं. आज ते मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे.

1938 मध्ये स्टॅन्ली या जमीनदार घराण्याची मालमत्ता विकली गेली. 1950 मध्ये शेजारचं अल्डर्ली पार्क आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने घेतलं आणि 1957 मध्ये तिथे औषध संशोधनाच्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन आणि रक्तदाबासाठी आपल्याकडेही घरोघरी घेतली जाणारी अटेनोलॉलची गोळी, दोन्ही याच कंपनीच्या इथल्या कामातून आली. गावच्या परिसरात पगारदार शास्त्रज्ञांचा नवा वर्ग आला, आणि माझ्या मते गावाच्या आर्थिक इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा टप्पा.

1990 नंतर फुटबॉलचा पैसा आला. मँचेस्टर युनायटेडचा डेव्हिड बेकहम इथेच राहत होता. वर्तमानपत्रांत गाव गाजलं ते अशा खेळाडूंच्या बंगल्यांमुळे आणि गाड्यांमुळे.

2013 मध्ये, आयसीआयच्या औषध विभागातून पुढे घडलेल्या अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने इथलं आपलं संशोधन केंब्रिजला हलवत असल्याचं जाहीर केलं. अल्डर्ली पार्कमध्ये आता लहान-मोठ्या जीवविज्ञान कंपन्या आहेत आणि त्याच आवारात नवी घरंही उभी राहिली आहेत.