नागपूरचा ईमेल परदेशातून फिरतो, तेव्हा कायदा कोणाचा?

धरमपेठेतल्या वकिलाचा ईमेल सदरमधल्या अशिलाला पोचायचा, तर अंतर काही किलोमीटरांचं. २००० च्या सुमारास मात्र दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असल्या, तर तो अमेरिकेला किंवा सिंगापूरला जाऊन परत येऊ शकत असे. १९९५ मध्ये विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, १९९८ पासून खासगी कंपन्या आल्या. पण देशातल्या देशात त्या एकमेकींना फारशा जोडलेल्या नव्हत्या. २००३ मध्ये या कंपन्यांची जाळी देशातच जोडणारी ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली आणि देशी इंटरनेट वाहतूक देशातच फिरवण्याची सोय झाली. हेतू खर्च वाचवण्याचा आणि वेग वाढवण्याचा होता. नागरिकाच्या खासगीपणाचा विचार त्यामागे नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

संदेशाचा मार्ग ठरतो तो राउटरांच्या, म्हणजे माहिती पुढे धाडणाऱ्या यंत्रांच्या, आपसांतल्या ‘बीजीपी’ या नियमावलीने आणि कंपन्यांच्या करारांनी. त्यात देशाची सीमा कुठेच नसते. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानने यूट्यूब बंद करायचा आदेश दिला. तो अमलात आणताना यूट्यूबकडे जाण्याचा चुकीचा मार्ग जगभर जाहीर झाला आणि सुमारे दोन तास इतर देशांतही यूट्यूब मिळेना. एका देशाचा हुकूम, भोगलं सगळ्यांनी.

आपल्याकडे संदेश अडवण्याचा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून आला. फोन टॅपिंगला कार्यपद्धतीची चौकट सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिली. पुढे संगणकावरून जाणाऱ्या माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आलं. ही बंधनं अपुरी असतील, पण ती आपल्या सरकारवर आहेत, ती मोडली तर नागपूर खंडपीठात दाद मागता येते. संदेश अमेरिकेतून गेला की तिथला परकीयांवरच्या पाळतीविषयीचा २००८ चा कायदा लागतो. त्याच्या कलम ७०२ खाली देशाबाहेरच्या परकीयांवर पाळत ठेवायला प्रत्येकासाठी वेगळं वॉरंट लागत नाही. मुख्य केबलींवरूनच माहिती उचलली जाते, हे २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांनी जगाला दाखवलं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्या नऊ न्यायमूर्तींत नागपूरचे शरद बोबडे होते. पण हा हक्क मागायचा तो भारतीय राज्यसंस्थेकडे. परक्या देशातल्या केबलीपाशी तो कामाला येत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १६ मध्ये केंद्राने ठरावीक देशांत माहिती पाठवण्यावर निर्बंध घालण्याची तरतूद आहे, तीही प्रक्रियेसाठी पाठवलेल्या माहितीवर. नुसती वाटेत परदेशातून गेलेल्या माहितीबद्दल ते कलम काहीच बोलत नाही.