भेगा पडल्या म्हणजे पात्र वाळलं?

वाळवंटात अचानक पूर येऊन गेला, की कोरड्या ओढ्याच्या पात्रात भेगा दिसू लागताच जमीन टणक झाली, डर्ट बाईक खुशाल घाला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पात्र वरून खरंच टणक दिसतं, म्हणून हे पटतंही.

पण पाणी ओसरताना गोटे आणि जाड वाळू आधी खाली बसते. बारीक गाळ सर्वांत शेवटी, वर. उन्हाने त्याचा वरचा थर आकसून तडकतो. ही खपली खालची ओल लवकर उडू देत नाही. त्यामुळे कोरड्या पापुद्र्याखाली चिखल कितीतरी दिवस ओला राहू शकतो, आणि पुढचं चाक नेमकं तिथेच रुततं.

तपासणं अवघड नाही. गाडी काठापासून लांब लावा, कारण पाण्याने काठ खालून पोखरलेला असू शकतो. मग चालत जा. एक खपली उचलून तिची खालची बाजू पाहा. गडद, गार, बोटाला चिकटणारी असेल, तर ओल आहे. भेगेत काठी दाबा. सहज आत गेली तर वाट बदला. खोलगट जागी आणि वळणाच्या आतल्या बाजूला गाळ जास्त साचतो, तिथे हे कराच. खडीचा पट्टा बहुधा लवकर निचरतो.