दाब पंपातून येत नाही

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) प्रेसच्या दाबमापकाचा, म्हणजे गेजचा, काटा चढेना की "पंप गेला, प्रेशर देत नाही" असा निवाडा सर्रास दिला जातो, आणि बडोद्यातील आम्हा मराठी कारागिरांनीही तो वर्षानुवर्षे इमानेइतबारे पुढे चालवला आहे. मुळात ही समजूतच चुकीची आहे. पंप फक्त तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो त्या तेलाला पुढे होणाऱ्या विरोधामुळे.

अक्षीय पिस्टन पंपात (ज्यात पिस्टन शाफ्टला समांतर असतात) सिलिंडर ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात बसतात तो ठोकळा, शाफ्टबरोबर फिरतो आणि त्यातील पिस्टन, बहुधा नऊ, तिरक्या तबकडीवरून घसरत जातात. त्यामुळे प्रत्येक पिस्टन अर्ध्या फेरीत मागे सरून तेल ओढून घेतो व उरलेल्या अर्ध्या फेरीत ते बाहेर लोटतो. एका फेरीला 45 घन सेंटिमीटर तेल देणारा पंप मिनिटाला 1450 फेऱ्यांच्या मोटरवर सुमारे 65 लिटर तेल देतो, मग गेजवर 10 बार असोत वा 250 (आतल्या गळतीपुरते थोडे कमी, इतकेच). एक्स्कॅव्हेटरमध्ये तबकडीचा कोन बदलून हाच प्रवाह कमीजास्त करतात.

प्रेसचा दट्ट्या मोकळा उतरताना काटा जेमतेम हलतो. पत्र्याला टेकताच झपाट्याने चढतो. पंप तोच, वेगही तोच. म्हणून आधी रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (ठरलेल्या दाबापलीकडे तेल टाकीत सोडणारी झडप) कचरा अडकला आहे का आणि प्रेसच्या सिलिंडरचे सील गळते का, म्हणजे तेल विरोधाविनाच निसटते का, ते पाहावे. तरीही पंपाचाच संशय उरला, तर यंत्र भारावर असताना ड्रेनच्या नळीतून (पंपाच्या आतली गळती टाकीत परत नेणारी नळी) मिनिटाला किती तेल परतते ते बादलीत मोजावे; झिजलेला पंप तिथे पकडला जातो.