नकाशावरची तुटक रेघ आणि घराची किंमत

न्यू जर्सीत घर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घराच्या जाहिरातीत ‘नियोजित स्टेशनपासून चालत दहा मिनिटं’ असं वाचून ग्राहक आमच्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘हे स्टेशन होणार कधी?’ आमचं ऑफिस छोटं आहे. आम्ही घरं दाखवतो, कर्जाची कागदपत्रं लावून देतो. रेल्वे काही बांधत नाही. पण न झालेल्या स्टेशनच्या नावावर किंमत चढवलेली दिसली की गप्प राहवत नाही, म्हणून हे पत्रक. नकाशावर नियोजित मार्गाची तुटक रेघ मारायला पैसे पडत नाहीत. केंद्राचा पैसा कोणत्या पायरीवर आहे, ते विचारा.

पैसा येतो कुठून?

सार्वजनिक वाहतुकीसाठी केंद्राच्या नियमित मदतीचा पाया १९६४ च्या कायद्यानं घातला. आज हे काम फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशन, थोडक्यात एफटीए, बघते. पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट ठरलेल्या सूत्राची. लोकसंख्या, गाड्यांनी कापलेले मैल असा हिशेब करून एनजे ट्रान्झिटसारख्या संस्थांना दरवर्षी रक्कम मिळते आणि त्यातून डबे, बसगाड्या, रूळ, सिग्नल यांची कामं चालतात. तुम्ही गाडीत गॅस (पेट्रोल) भरताना गॅलनमागे १८.४ सेंट केंद्रीय कर देता. त्यातले २.८६ सेंट सार्वजनिक वाहतुकीच्या खात्यात जातात.

नवे मार्ग आणि प्रचंड बांधकामं मात्र दुसऱ्या वाटेनं होतात. तिचं नाव कॅपिटल इन्व्हेस्टमेंट ग्रँट्स. इथे सूत्र नाही, स्पर्धा आहे. हा पैसा गॅसच्या करातून येत नाही, काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, तो सर्वसाधारण तिजोरीतून मंजूर करते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानं पाच वर्षांसाठी ८ अब्ज डॉलर आधीच बाजूला काढून ठेवले. त्याच्यावरचं जे काही, ते दरवर्षीच्या मंजुरीवर.

पुण्याची मेट्रो बघून आलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. तिथे महामेट्रो कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मेनिम्मे भागीदार आहेत. इथे केंद्र भागीदार होत नाही. ठरलेला आकडा देतं आणि बाजूला राहतं. उरलेलं राज्यानं, पोर्ट अथॉरिटीनं (न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांची मिळून असलेली वाहतूक संस्था), स्थानिक संस्थांनी उभं करायचं. एकूण खर्च ४० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त असलेला नवा मार्ग ‘न्यू स्टार्ट्स’ गटात मोडतो आणि या अनुदानातून त्याला जास्तीत जास्त ६० टक्के मिळू शकतात. लहान प्रकल्पांसाठी ‘स्मॉल स्टार्ट्स’ हा वेगळा गट आहे.

पायऱ्या

न्यू स्टार्ट्सचा मार्ग आधी प्रोजेक्ट डेव्हलपमेंटमध्ये जातो. दोन वर्षांत पर्यावरणाचा अभ्यास उरकायचा, कुठून कुठे जायचं ते पक्कं करायचं. मग इंजिनिअरिंग. इथे शिरताना या अनुदानाखेरीजच्या पैशांपैकी किमान ३० टक्के पक्के दाखवावे लागतात आणि केंद्राच्या अनुदानाचा आकडा गोठतो. पुढे खर्च वाढला तर वाढीव भार स्थानिकांवर. शेवटी फुल फंडिंग ग्रँट ॲग्रीमेंट, म्हणजे पूर्ण अनुदानाचा करार. त्यावर सही होईपर्यंत मोठी रक्कम कुणाच्याही खिशात नसते. एजंटच्या तोंडचं ‘अप्रूव्ह्ड’ म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या पायरीच्याही आधीचं काहीतरी असतं.

हडसन-बर्गन लाइट रेलचंच बघा. जर्सी सिटीत राहिलेल्या आमच्या बऱ्याच ग्राहकांनी ती रोज वापरली आहे. २००० साली गाड्या सुरू झाल्या, २००६ मध्ये मार्ग नॉर्थ बर्गनच्या टॉनली अव्हेन्यूपर्यंत पोचला. नावात बर्गन असलं तरी नॉर्थ बर्गन हे गाव हडसन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे. बर्गन काउंटीत ती गाडी अजून शिरलेलीच नाही! पुढे टेनाफ्लायपर्यंत जायचा बेत होता, तो विरोधामुळे इंगलवूडपर्यंत आखडला, आणि इंगलवूडची रेघही कागदावरच आहे. त्या रेघेच्या भरवशावर कुणी घर घेतलं असेल, तर त्यांची मुलं एव्हाना कॉलेजात गेली असतील.

खोदकाम सुरू झालं म्हणजे झालं?

तेही नाही. हडसन नदीखालून नवा बोगदा काढायचा एआरसी नावाचा प्रकल्प होता. जून २००९ मध्ये कामाचा नारळ फुटला. केंद्राकडून ३ अब्ज डॉलर अपेक्षित होते, पण पूर्ण अनुदानाचा करार अजून व्हायचा होता. खर्च वाढला तर ते ओझं न्यू जर्सीवर पडेल, असं म्हणत गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये काम रद्द केलं. त्यांचा निर्णय चूक की बरोबर यावर आमच्या ऑफिसातच दोन तट आहेत, पण ती भीती हवेतली नव्हती, नियमातच होती. तोवर खर्च झालेल्या पैशांपैकी २७.१ कोटी डॉलर एफटीएनं परत मागितले. शेवटी ९.५ कोटींवर तडजोड झाली.

आता त्याच नदीखाली हडसन टनेल प्रकल्प आहे. सध्याचा बोगदा १९१० चा. २०१२ च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं आणि तेव्हापासून तो आतून कुरतडला जातोय. नव्या बोगद्याच्या करारावर जुलै २०२४ मध्ये सही झाली. सुमारे १६ अब्ज डॉलरच्या कामात या एकाच अनुदानाचे ६.८८ अब्ज. राज्यांच्या वाट्यासाठीही केंद्राच्याच रेल्वे कर्ज योजनेतून कर्ज घेतलंय, म्हणजे एका खिशातून अनुदान आणि दुसऱ्यातून उधारी. आणि सही झाल्यावरही बघा: १ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रानं हा बोगदा आणि न्यू यॉर्कचा सेकंड अव्हेन्यू सबवे मिळून सुमारे १८ अब्ज डॉलर रोखल्याचं जाहीर केलं. हे पैसे साधारणपणे ‘आधी काम, मग बिल, मग भरपाई’ या पद्धतीनं येतात. त्यामुळे वरून हात आखडला की खालच्या कंत्राटदाराला लगेच कळतं.

आमचं मत: जुनं स्टेशन बरं

एडिसन किंवा मेट्रोपार्कवरून रोज न्यू यॉर्कचं पेन स्टेशन गाठणाऱ्यांना पोर्टल ब्रिजची ओळख करून द्यायला नको. हॅकेनसॅक नदीवरचा हा १९१० चा फिरता पूल. बोटीसाठी उघडला की कधीकधी नीट मिटत नसे, मग माणसं घण मारून रूळ जागेवर बसवत. शेजारी उंच, न हलणारा नवा पूल बांधायला जानेवारी २०२१ मध्ये ७६.६५ कोटी डॉलरचं अनुदान ठरलं. ते ‘कोअर कपॅसिटी’ या तिसऱ्या गटातलं. हा गट आहे त्याच मार्गासाठी आहे: मार्ग भरलेला असावा किंवा दहा वर्षांत भरणारा, आणि कामानं क्षमता किमान १० टक्के वाढावी. अशा पैशातून तुमच्या टाउनशिपला, म्हणजे गावाला, नवं स्टेशन मिळत नाही, त्यामुळे जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. पण सकाळची ७:४० ची गाडी वेळेवर येणं याच्यावर ठरतं. तुटक रेघेजवळच्या नव्या घरापेक्षा चालू मार्गावरचं थोडं जुनं घर आम्ही जास्त वेळा सुचवतो, ते यासाठी.

आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही. एफटीए नव्या मार्गाला गुण देते तेव्हा प्रवासी, प्रदूषण, खर्च यांच्याबरोबर स्टेशनभोवतीची जमीन कशी वापरली जाते आणि तिथे पुढे काय उभं राहू शकतं, हेही मोजते. दाट वस्ती, परवडणारी घरं, पायी फिरता येईल असे रस्ते असले की गुण वाढतात. म्हणजे अनुदान हवं असेल तर टाउनशिपला झोनिंग (कुठे काय बांधता येईल याचे नियम) बदलून चार-पाच मजली इमारती येऊ द्याव्या लागणार. कुल-द-सॅकमधलं (बंद गल्लीतलं) शांत घर आणि पाच मिनिटांवर नवं स्टेशन हे दोन्ही हवं असेल, तर आधी आमच्याशी बोला.

तिकिटाचं काय, असंही विचारतात. या अनुदानातून बांधकाम होतं, रोजची गाडी चालत नाही. चालवायचा खर्च मुख्यतः तिकिटं आणि राज्य. जुलै २०२४ मध्ये एनजे ट्रान्झिटचं भाडं १५ टक्के वाढलं आणि त्याच वर्षी राज्यानं वार्षिक १ कोटी डॉलरहून जास्त नफ्याच्या कंपन्यांवर २.५ टक्के जादा कर बसवला, तो याच खर्चासाठी. मासिक पासचा हिशेब करताना दरवर्षीची ३ टक्के वाढही धरा.

खात्री कशी करायची

केंद्राचा पैसा लागणारं कोणतंही वाहतुकीचं काम विभागीय नियोजन संस्थेच्या कार्ययादीत असावं लागतं. तिला टीआयपी म्हणतात. उत्तर आणि मध्य जर्सीतल्या १३ काउंटींची यादी एनजेटीपीए या नियोजन संस्थेकडे असते. एडिसनची मिडलसेक्स त्यातच येते. यादीत काम ‘अभ्यास’ म्हणून आहे, ‘डिझाइन’ म्हणून की ‘बांधकाम’ म्हणून, तेवढं बघा. यादीतच नसेल तर त्या स्टेशनचे पैसे घराच्या किमतीत देऊ नका. शिवाय अनुदानाच्या रांगेत कोण कुठे आहे, हे एफटीए आपल्या वार्षिक अहवालात छापते.

जाहिरातीचा कागद घेऊन या, दोन्ही याद्या आम्ही तुमच्यासमोर उघडून बघू; त्याचे पैसे घेत नाही. घर प्रिन्स्टन जंक्शनच्या बाजूला बघत असाल तर फोनवरच तसं सांगा. ते वेस्ट विंडसर, म्हणजे मर्सर काउंटी, आणि तिची यादी फिलाडेल्फियाच्या डीव्हीआरपीसी या नियोजन संस्थेकडे असते.