चाकवालं की रोलरवालं? हाताने ढकलायची दोन लॉन मशीनं

गवत कापायची ही दोन्ही मशीनं दुकानात शेजारी शेजारी उभी असतात. दोन्हींना लांब दांडा, दोन्हींत वेटोळ्या पात्यांचं रीळ, दोन्हींना ना मोटर ना पेट्रोल. त्यात चाकवाल्या मशीनलाही मागे एक लहानसा लाकडी किंवा प्लास्टिकचा रोलर असतो, म्हणून पुष्कळ लोक तेच ‘रोलर मशीन’ समजून घरी आणतात. मग भिंतीलगतचं गवत कापलं जात नाही आणि लॉनवर पट्टे उमटत नाहीत, अशी तक्रार सुरू होते. उलटंही घडतं. ऐटीत उमटणाऱ्या पट्ट्यांच्या मोहाने जड रोलर मशीन येतं आणि जुलैतल्या गुडघाभर गवतापुढे हात टेकतं.

ओळखायची खूण एकच: रीळ कोण फिरवतं ते बघा. मशीन तिरकं करून जमिनीवर टेकणारा एकेक भाग हाताने हलवा. बाजूच्या दोन मोठ्या चाकांबरोबर रीळ फिरलं तर ते चाकवालं. त्याचा मागचा रोलर नुसता टेकू असतो, कापाची उंची ठरवण्यापुरता. रीळ जर रुंदीभर पसरलेल्या लोखंडी रोलरवर, चेन किंवा गिअरमधून फिरत असेल तर ते रोलरवालं. त्याच्या पुढच्या बाजूला बारीक रोलर असतात आणि त्यात उंचीचं काम ते करतात. एडविन बडिंगने इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ 1830 साली पेटंट घेतलेलं पहिलं मशीन रोलरवालंच होतं. कापडावरची लव छाटणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं. हलकं चाकवालं नंतर आलं.

कापण्याची रीत दोन्हींत सारखीच, कात्रीसारखी. फिरतं पातं गवत ओढून खालच्या स्थिर पट्टीवर आणतं आणि दोघांच्या मध्ये ते कातरलं जातं. फरक आहे तो हे रीळ बसवलंय कुठे आणि त्याला वेग मिळतो कुठून, यात. बाकीचे सगळे फरक त्यातून निघतात.

सर्वांत आधी कड. चाकवाल्यात दोन्ही चाकं रिळाच्या बाहेर असतात, त्यामुळे भिंत, कुंपण किंवा उंच पेव्हर यांच्याजवळ चाकाच्या जाडीइतकी, म्हणजे साधारण 5 ते 8 सें.मी. गवताची पट्टी तशीच उभी राहते. ती गवतकात्रीनेच काढायची, दुसरा उपाय नाही. वाफ्याच्या कडेला तर बाहेरचं चाक मातीत उतरतं, मशीन कलतं आणि त्याची स्थिर पट्टी हिरवळ खरवडते. रोलरवाल्यात रोलर रिळाच्या मागे असल्याने मशीन वाफ्यावर काही इंच पुढे काढलं तरी रोलरचा बराच भाग लॉनवर राहतो, आणि कड नीट कापली जाते. झाडांची आळी आणि गोलसर वाफे बरेच असतील तर हा फायदा मोठा आहे. मात्र वळताना एकसंध रोलर जागेवर घासतो आणि ओल्या जमिनीत गवताची साल काढतो. म्हणून वळणं लॉनच्या बाहेर, पेव्हरवर घ्यावीत, किंवा मोठा वळसा घालावा.

चाकवालं त्या मानाने सहज वळतं, कारण प्रत्येक चाकाच्या आत दातेरी कडं असतं, त्यात पिनियन, म्हणजे एक लहान दातेरी चाक, फिरतं आणि पिनियनच्या पोटात खटका असतो. पुढे ढकललं की खटका अडकून रीळ फिरतं, मागे ओढलं की तो घसरतो आणि रीळ थांबतं. वळताना आतलं चाक हळू फिरलं तरी बाहेरचं रीळ फिरवत राहतं. मागे ओढताना येणारी टकटक म्हणजे बिघाड नव्हे, तो खटक्याचा आवाज. साफसफाईनंतर मशीन पुढे ढकललं तरी रीळ ढिम्म हलत नसेल, तर डावं-उजवं पिनियन किंवा खटका उलटसुलट बसलाय, असं समजावं. म्हणून दोन्ही चाकं एकाच वेळी उघडू नयेत. एक उघडावं, पुसावं, ग्रीस लावून बसवावं, मगच दुसऱ्याला हात लावावा.

दांडा कसा धरायचा, याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. चाकवाल्याचा मागचा लहान रोलर सतत जमिनीला टेकलेला हवा. दांडा वर गेला की तो रोलर उचलला जातो, पट्टी वर चढते आणि गवत लाटेसारखं कमी-जास्त राहतं. म्हणून दांडा कमरेच्या थोडा खाली धरून, ढकलतानाच हलकासा खाली दाब द्यावा. रोलरवाल्यात नेमकं हेच करू नये. तिथे दांडा दाबला की मागच्या रोलरवर मशीन झुलतं, तोंड वर उचललं जातं आणि पट्टीखालून गवत न कापता सुटतं. तिथे दाब न देता फक्त पुढे ढकलायचं, वजन मशीनचं मशीन सांभाळतं. एका प्रकारावर हात बसलेल्या माळ्याला दुसरं दिलं की पहिले दोन-तीन पट्टे बहुधा याच कारणाने बिघडतात.

जमीन सपाट नसेल तर दोन्ही चुकतात, पण वेगळ्या जागी. दोन चाकांच्या मधोमध उंचवटा आला की चाकवाल्याची पट्टी तो भादरून टाकते आणि तिथे पांढरी माती दिसते. रोलरवालं उंचवट्यावरच स्वार होतं, त्यामुळे भादरत नाही, मात्र दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात गवत उंच ठेवतं. खळगे चाळलेली माती आणि रेती मिसळून भरावेत, एका वेळी सेंटीमीटरभर जाडीच्या थराने. त्याहून जाड थराखाली गवत गुदमरतं.

आता मुख्य प्रश्न, गवताची उंची. रोलरवाल्याचे पुढचे बारीक रोलर उंच गवत आधी आडवं पाडतात आणि आडवं पडलेलं गवत पात्यात येत नाही. चाकवाल्यापुढे असा अडथळा नसतो, म्हणून त्याला थोडं वाढलेलं गवत चालतं. पण त्यालाही मर्यादा आहे. रिळाच्या निम्म्या व्यासाहून उंच देठ पात्याने कापण्याआधी पुढे वाकतात. लव्हाळ्याचे दांडे आणि हरळीचे तुरे लॉनवर तसेच डुलत राहतात ते त्यामुळेच. पावसाळ्यात आठवडे हुकले आणि गवत वीतभर झालं, तर आधी विळ्याने किंवा ब्रशकटरने ते निम्म्यावर आणावं, दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, मग मशीन चालवावं. एरवी एका खेपेला पानाच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. हरळी 2 ते 3 सें.मी.वर छान दाट होते, रुंद पानाचं कार्पेट लॉन 4 ते 5 सें.मी. ठेवावं. मेक्सिकन लॉनचं पान बारीक असलं तरी चिवट असतं आणि धार लवकर बोथट करतं.

रोलरवाल्याचा काप अधिक तलम का, हे आकड्यांत बघता येतं. समजा चाकाचा व्यास 25 सें.मी., एका फेऱ्यात रीळ 5 वेळा फिरतं आणि त्याला 5 पाती आहेत. एका फेऱ्यात मशीन सुमारे 78 सें.मी. पुढे जातं आणि 25 काप होतात, म्हणजे दर 3 सें.मी.ला एक. समजा रोलरचा व्यास 15 सें.मी., रीळ तितकंच फिरतं आणि 6 पाती आहेत. मग 47 सें.मी.त 30 काप, म्हणजे दर दीड सें.मी.ला एक. दोन कापांमधलं अंतर गवताच्या उंचीपेक्षा जास्त झालं की लॉनवर आडव्या वळ्या दिसतात. म्हणून वरच्या उदाहरणातल्या चाकवाल्याने गवत दीड सें.मी.वर आणायचा हट्ट धरू नये; दोष पात्याचा नसून गुणोत्तराचा असतो. तुमच्या मशीनचं गुणोत्तर काढायचं असेल तर चाकावर आणि एका पात्यावर खडूची खूण करा आणि चाकाचा एक फेरा हळू फिरवून खूण किती वेळा येते ते मोजा.

कापलेलं गवतही वेगळ्या दिशेला जातं. चाकवालं ते मागे, तुमच्या पायांवर टाकतं. गवतपेटी मागे लटकते. रोलरवालं पुढे उडवतं, पेटीही पुढे असते. आणि ते हिरवे-फिके पट्टे? रुंद जड रोलर पानं एका दिशेला वाकवतो, उजेड वेगवेगळा परावर्तित होतो, एवढंच. चाकवाल्याच्या लहान रोलरने ते फारसे येत नाहीत.

कापच नीट होत नसेल तर लगेच धारवाल्याकडे धाव घेऊ नका. बहुतेक वेळा धार नव्हे, पट्टी आणि रिळामधलं अंतर बिघडलेलं असतं. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी आडवी धरून रीळ काठीने हळू फिरवा, आणि ही चाचणी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घ्या. कागद तिन्ही ठिकाणी स्वच्छ कापला पाहिजे. एका टोकाला चुरगळत असेल तर त्या बाजूचे बोल्ट अगदी थोडे, पाव फेऱ्याहूनही कमी, फिरवा आणि पुन्हा तपासा. अनेक मशीनांत दोन बोल्ट एकमेकांविरुद्ध असतात: एक सैल केल्याशिवाय दुसरा घट्ट होत नाही. पातं पट्टीला जेमतेम स्पर्श करावं. खरखर आवाज आला आणि ढकलायला जड झालं, तर फार घट्ट झालंय, आणि अशाने पाती तापून झिजतात.

कागद तरीही फाटत असेल तर खरोखर धार गेलीये. गाडीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट ब्रशने पात्यांच्या कडांना लावून रीळ उलट्या दिशेने 5 ते 10 मिनिटं फिरवायचं. चाकवाल्यात त्यासाठी दोन्ही पिनियनांची जागा तात्पुरती बदलता येते, मग मशीन मागे ओढलं की रीळ उलटं फिरतं. रोलरवाल्यात चेन काढून रिळाच्या शाफ्टला हँडल लावतात. पेस्ट एक कणही मागे न ठेवता धुऊन, अंतर नव्याने जुळवायचं. पातं वाकलंय किंवा खडा लागून खाच पडलीये, त्याला ही पेस्ट पुरत नाही. ते लेथवर रीळ घासणाऱ्याचं काम.

नारळाच्या झावळीची हीर किंवा आंब्याची वाळकी काडी पात्यात अडकली तर बोट घालू नका. अडलेलं रीळ सुटताच झटक्याने फिरतं. चाकवाल्यात अडकलेलं रीळ उलटं फिरवायचं तर चाकंही उलटी फिरायला हवीत, कारण त्या दिशेला खटका धरून ठेवतो. मशीन आडवं करून चाकं अधांतरी ठेवा, मग लाकडी काठीने पातं मागे ढकला.

पावसात गवत ओलं असताना दोन्हीही घसरतात. चाकवाल्याच्या टायरच्या खाचांत माती-गवताचा लगदा बसला की चाक फिरायचं सोडून सरकतं आणि रीळ थांबतं. रोलरवर तो लगदा साचून कापाची उंची बदलत जाते, म्हणून मशीनला असलेली खरवड पट्टी जागेवर आहे ना ते बघावं. काळी माती ओली असताना जड रोलर तिला दाबून टाकतो आणि पाणी मुरत नाही. तिथे दोन कोरडे दिवस थांबणंच शहाणपणाचं.

घराच्या 200 ते 500 चौरस फुटांच्या, कडेने पेव्हर असलेल्या लॉनला बहुतेकांनी 12 किंवा 14 इंची चाकवालं घ्यावं. पावसाळ्यातलं वाढलेलं गवत त्यालाच झेपतं आणि गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये उचलून ठेवता येतं. जमीन पक्की सपाट असेल, हरळी असेल आणि पावसाळ्यात दर पाच-सात दिवसांनी न चुकता कापणारा माणूस असेल, तरच रोलरवालं. त्याचीही मोठी मापं, 18-20 इंची, घरच्यांसाठी नाहीत. बागांमध्ये ती चालवायला एक जण मागून दांडा धरतो आणि दुसरा पुढून दोरीने ओढतो.

जुनं मशीन घेत असाल तर रंग बघू नका. रीळ दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा; खडखड झाली तर बेअरिंग किंवा बुश गेलेत आणि कितीही पेस्ट घासली तरी कागद कापला जाणार नाही. चाकवाल्यात कड्याचे दाते, रोलरवाल्यात चेनचा ताण आणि रोलरला तडा आहे का, हे तपासा. ओतीव लोखंडाचा तडा गेलेला रोलर वेल्डिंग करून फार दिवस टिकत नाही.