संशोधनाचा डेटा खुला करताना लागणारी कागदपत्रे आणि हमखास अडणाऱ्या जागा

सोलापूर आणि आसपासच्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी व प्राध्यापक यांच्याकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. शोधनिबंध परीक्षकांनी मान्य केला, परंतु नियतकालिकाने मूळ डेटा सार्वजनिक ऑनलाइन भांडारात ठेवून त्याचा डीओआय (अशा प्रत्येक नोंदीला मिळणारा कायमस्वरूपी ओळख) क्रमांक कळवण्यास सांगितले आणि तिथे सारे अडून बसले. भांडारात फाइल चढवणे हे फार तर एका दुपारचे काम आहे. अडते ते त्याआधीच्या कागदांपाशी, आणि हे कागद बहुतेक वेळा पहिला नमुना घेण्यापूर्वीच तयार व्हायला हवे होते. त्यामुळे ज्यांचा आराखडा अजून कच्चा आहे, त्यांना या माहितीचा उपयोग सर्वाधिक होईल. ज्यांचे काम संपले आहे, त्यांच्यासाठीही काही वाटा उरतात, पण त्या लांबच्या आहेत.

अर्ज कोणी करायचा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. झेनोडोसारखे भांडार कोणालाही विनामूल्य खाते उघडू देते, म्हणून विद्यार्थ्याला वाटते की मी गोळा केलेली माहिती मी ठेवू शकतो. प्रत्यक्षात ती माहिती संस्थेच्या नावाने, मार्गदर्शकाच्या जबाबदारीवर आणि अनेकदा सरकारी निधीतून गोळा झालेली असते, त्यामुळे या तिघांच्या संमतीशिवाय ती खुली करण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो. निधी देणाऱ्याच्या अटी तर आधीच वाचाव्यात. जैवतंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये ‘बायोटेक-प्राइड’ मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत आणि सार्वजनिक निधीतून निर्माण होणाऱ्या जैविक डेटासाठी फरीदाबाद येथे इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर उभे राहिले आहे. जनुकीय अनुक्रमांचे काम करणाऱ्यांनी परदेशी भांडाराकडे वळण्यापूर्वी तिथली व्यवस्था पाहावी. मानवी जनुकीय माहितीसाठी नियंत्रित प्रवेशाची सोयही तिथे आहे.

संमतीपत्र: सर्वाधिक अर्ज इथेच अडतात

वैद्यकीय अभ्यासात सहभागी व्यक्तीने सही किंवा अंगठा केलेले संमतीपत्र हाच सगळ्याचा पाया असतो. आपल्याकडे हे संमतीपत्र वर्षानुवर्षे एकाच जुन्या नमुन्यावरून उतरवले जाते आणि त्यात एक वाक्य ठरलेले असते: ‘आपली माहिती फक्त या अभ्यासापुरती वापरली जाईल व अन्य कोणासही दिली जाणार नाही.’ हे वाक्य लिहिताना हेतू चांगलाच असतो. पण एकदा ते सहभागी व्यक्तीला वाचून दाखवले की नावे काढून टाकलेली माहितीसुद्धा बाहेर देणे हा दिलेल्या शब्दाचा भंग ठरतो, आणि कोणतीही जागरूक नैतिकता समिती (माणसांवरील संशोधनाच्या आराखड्यांना मंजुरी देणारी समिती) त्याला मान्यता देणार नाही. त्याऐवजी आराखड्याच्या टप्प्यावरच असे लिहावे: ‘आपले नाव, पत्ता व ओळख पटेल असा तपशील काढून टाकल्यानंतर उरलेली माहिती इतर संशोधकांना अभ्यासासाठी उपलब्ध करून दिली जाऊ शकते. यास आपण नकार दिला तरी या अभ्यासातील आपला सहभाग व आपले उपचार यांवर परिणाम होणार नाही.’ या वाक्यांसमोर होकार आणि नकार यांची स्वतंत्र चौकट ठेवावी. मूळ सहभाग आणि डेटा देण्याची परवानगी एकाच सहीत गुंडाळणे योग्य नाही.

सोलापुरात भाषेचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. विडी कामगार महिलांच्या फुप्फुसांची क्षमता मोजायची असेल किंवा यंत्रमाग कामगारांच्या श्रवणशक्तीचा अभ्यास करायचा असेल, तर सहभागींपैकी अनेकांची घरची भाषा तेलुगू असते, काहींची कन्नड किंवा उर्दू. फक्त मराठी आणि इंग्रजी संमतीपत्रांना मंजुरी घेऊन प्रत्यक्ष वस्तीत तोंडी तेलुगूत समजावले, असे सर्रास होते. समितीने मंजूर केलेल्या भाषेतील प्रत नसेल, तर पुढे डेटा देण्याची संमती नक्की कशाला दिली होती हे दाखवता येत नाही. भाषांतर आणि ते पुन्हा मूळ भाषेत आणून केलेली पडताळणी अर्जासोबतच जोडावी. कंटाळवाणे काम आहे खरे, पण नंतर त्याला पर्याय नाही.

अभ्यास संपला आहे आणि संमतीपत्रात जुनेच वाक्य आहे, अशांपुढे दोन मार्ग राहतात. शक्य असेल तिथे सहभागींची पुन्हा संमती घ्यावी. ते व्यवहारात अशक्य असेल, तर त्याची कारणे देऊन नैतिकता समितीकडे संमतीतून सूट मागावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत अशा सुटीची तरतूद आहे. मात्र सूट देण्याचा अधिकार समितीचा आहे. ‘डेटा निनावी आहे, म्हणजे परवानगी लागतच नाही’ असे संशोधकाने परस्पर ठरवून टाकणे हे नाकारले जाण्याचे आणखी एक नेहमीचे कारण आहे.

समितीच्या मंजुरीपत्राबाबत दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. पत्रात आराखड्याचा आवृत्ती क्रमांक असावा आणि त्या आवृत्तीत डेटा कुठे व कसा ठेवणार याचा परिच्छेद असावा. नसल्यास दुरुस्तीचा अर्ज आधी करावा. दुसरे म्हणजे समितीची स्वतःची नोंदणी चालू आहे का, हे पाहावे. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार जैववैद्यकीय संशोधनाच्या समित्यांना आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते, तर नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्रीय औषध नियंत्रकांकडील नोंदणी लागते. एक नोंदणी दुसरीच्या जागी चालत नाही.

विज्ञान महाविद्यालयांतील पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी इथे बेसावध राहतात. विहिरीचे पाणी तपासायचे आहे, माणसांशी संबंध नाही, असे म्हणून ते समितीकडे जातच नाहीत. आणि प्रश्नावलीत मात्र घरातील जुलाबाचे आजार, मुलांची वये आणि उत्पन्न विचारलेले असते. प्रश्न माणसाला विचारला की तो मानवी सहभागाचा अभ्यास झाला. आपल्या महाविद्यालयात समिती नसेल, तर दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत समितीशी सामंजस्य करार करून तिच्याकडे अर्ज करता येतो.

तारखा चुकीच्या वाचल्या जातात

उपचारांची चाचणी असेल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया येथील नोंदणी पहिला सहभागी घेण्यापूर्वी पूर्ण व्हावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारली जात नाही. पदव्युत्तर प्रबंधातील चाचणीलाही हे लागू आहे. अनेकजण अर्ज ऑनलाइन सादर केल्याची तारीख हीच नोंदणीची तारीख समजतात आणि रुग्ण घेऊ लागतात. मधल्या काळात रजिस्ट्रीकडून शंका येतात, उत्तरे द्यावी लागतात आणि नोंदणी क्रमांक त्यानंतरच मिळतो. तो हातात येईपर्यंत थांबावे. याच अर्जात सहभागींचा वैयक्तिक पातळीवरील डेटा इतरांना देणार का, असा प्रश्न असतो. घाईत ‘नाही’ भरून टाकले जाते आणि शोधनिबंधात ‘देणार’ असे लिहिले जाते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या धोरणानुसार १ जानेवारी २०१९ किंवा त्यानंतर सहभागी घेऊ लागलेल्या चाचण्यांच्या नोंदणीत डेटा देण्याची योजना असणे आवश्यक आहे, त्यामुळे संपादक या दोन उत्तरांची तुलना करू शकतात.

परदेशी सहकारी किंवा परदेशी निधी असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. जुन्या ओळखीतल्या प्राध्यापकांना ‘नुसती एक एक्सेल फाइल’ ई-मेलने पाठवणे हेही डेटा देणेच आहे. जैविक संसाधनांच्या बाबतीत जैविक विविधता कायदा, २००२ आणि त्यातील २०२३ च्या सुधारणा पाहाव्यात. उजनीच्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंवरील संशोधनाचे निष्कर्ष परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला देण्यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागू शकते. शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि सहकाऱ्याला अप्रकाशित निष्कर्ष सोपवणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत.

कोणाकडेच नसलेले प्रमाणपत्र

डेटा खुला करण्यास हरकत नसल्याचे संस्थेचे पत्र मागितले जाते, आणि ते देणारे टेबल बहुतेक संस्थांत नसते. अर्ज आवक शाखेतून ग्रंथालयाकडे, तिथून संशोधन कक्षाकडे आणि शेवटी ‘यापूर्वी असे पत्र दिल्याचा दाखला जोडावा’ या शेऱ्यासह परत येतो. पहिल्या अर्जदाराने पूर्वीचा दाखला आणायचा कुठून, याचे उत्तर शेरा मारणाऱ्याकडेही नसते. यावर व्यवहारी उपाय असा की पत्राचा मसुदा आपणच तयार करून न्यावा. त्यात अभ्यासाचे शीर्षक, समितीच्या मंजुरीचा क्रमांक व दिनांक, कोणत्या फाइल्स कुठे ठेवणार, कोणता तपशील काढला आहे आणि इतरांना डेटा वापरण्याचा परवाना कोणता, एवढेच असावे. मार्गदर्शकाची सही आधी घ्यावी, मग विभागप्रमुखांची शिफारस आणि नंतर संस्थाप्रमुखांची मान्यता. जावक क्रमांक पडल्याशिवाय प्रत घेऊन निघू नये, कारण क्रमांक नसलेले पत्र नियतकालिकाला पाठवता येते पण उद्या वाद झाला तर ते टिकत नाही.

फाइल तयार करताना

नावाचा रकाना पुसला म्हणजे माहिती निनावी झाली, असा समज आहे. बार्शी तालुक्यातील एखादे लहान गाव, ८३ वर्षे वय आणि एक दुर्मीळ आजार एवढे एका ओळीत आले, की गावातला कोणीही ती व्यक्ती ओळखेल. गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी वयोगट आणि भरतीच्या तारखेऐवजी उपचारांचा कितवा दिवस असे बदल करावेत. केस पेपरचा नोंदणी क्रमांक अजिबात ठेवू नये. एक्सेलमध्ये लपवलेली पाने आणि रकाने तसेच राहतात, म्हणून अंतिम फाइल साध्या मजकुराच्या सीएसव्ही स्वरूपात, युनिकोडमध्ये जतन करून पुन्हा उघडून पाहावी. छायाचित्रांमध्ये दडलेले जीपीएस स्थानही काढावे.

पर्यावरणाच्या डेटामध्ये चूक वेगळीच असते. फ्लोराइड किंवा एखादा धातू उपकरणाच्या शोधमर्यादेपेक्षा (उपकरणाला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा) कमी आला की प्रयोगशाळा ‘आढळले नाही’ लिहिते, आणि फाइलमध्ये त्याचे शून्य होते. नमुनाच घेतला नव्हता तिथेही शून्य, किंवा रिकामी चौकट. या दोन गोष्टींना दोन वेगळ्या खुणा द्याव्यात आणि शोधमर्यादा किती होती ते रकान्यांच्या माहितीपत्रकात लिहावे. हे नसल्यास तो डेटा पुढच्या माणसाच्या कामाचा राहत नाही, आणि जाणकार परीक्षक तो परत पाठवतात.

इतर ठिकाणी अक्षांश-रेखांश जितके नेमके तितके चांगले. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र उलटे आहे. अतिशय धोक्यात आलेल्या या पक्ष्याच्या घरट्यांची ठिकाणे दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत जाहीर करणे म्हणजे त्यांना त्रास देणाऱ्यांना पत्ता देणे आहे. तिथल्या कामाला वन विभागाची परवानगी लागतेच. तिच्या अटी वाचून ठिकाणे ढोबळ करावीत आणि तसे केल्याचे नमूद करावे. हवामान खात्याकडून हमीपत्र देऊन मिळवलेली पावसाची आकडेवारी आपल्या फाइलसोबत परस्पर जोडू नये. ती कुठून व कशी मिळेल एवढे लिहावे आणि आपण केलेली गणिते द्यावीत.

यानंतर भांडारातील अर्ज भरणे सोपे आहे. झेनोडोवर एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइल्स बसतात आणि प्रकाशित करण्यापूर्वीच डीओआय राखून ठेवता येतो. प्रबंधाची मौखिक परीक्षा होईपर्यंत डेटा बंद ठेवायचा असेल तर खुला होण्याची तारीख देता येते. पण ती तारीख आली की डेटा आपोआप खुला होतो, परीक्षा पुढे गेली का हे यंत्रणा विचारत नाही. तारीख सैल ठेवावी आणि परीक्षा लांबल्यास मुदतीआधी बदलावी.

संमतीअभावी डेटा खुला करणे शक्यच नसेल, तर तसे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही. ‘मागणीनुसार उपलब्ध’ एवढेच मोघम लिहू नये. डेटा कोणाला, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या मान्यतेने मिळेल ते लिहावे, आणि संपर्कासाठी विद्यार्थ्याचा खासगी ई-मेल न देता विभागाचा किंवा नैतिकता समितीच्या सचिवांच्या कार्यालयाचा पत्ता द्यावा, कारण विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो आणि मागण्या त्यानंतरच येऊ लागतात.